आधी पाणी, मग बाग, मग इमारत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

ताजमहाल म्हटले की डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र उभे राहते. मधोमध पाण्याचा लांब पाट, दोन्ही बाजूंना सरूच्या झाडांच्या सरळ रांगा, त्यांच्या पलीकडे कातरलेली हिरवळ आणि टोकाला तो पांढराशुभ्र घुमट. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या पाटाच्या अलीकडे उभे राहून काढलेला एखादा फोटो असेल. आई-वडिलांचा लग्नानंतरचा, नाहीतर शाळेच्या सहलीतला. त्या फोटोत आपण माणसे पाहतो, इमारत पाहतो. बागेकडे कोणी पाहत नाही. बाग म्हणजे इमारतीपुढची सजावट, असे आपण धरूनच चालतो.

आज मला त्या बागेविषयी बोलायचे आहे. कारण त्या चित्रातली इमारत शाहजहानच्या काळातली असली, तरी तिच्यापुढची हिरवळ त्याच्या काळातली नाही. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, इंग्रजी अमलातली आहे. इमारत जपली गेली, बाग मात्र बदलली. आणि बाग बदलली की इमारतही वेगळी दिसू लागते, तिचा अर्थही वेगळा लागू लागतो. हे कसे घडते ते समजून घ्यायला आपल्याला आधी आग्र्याला आणि मग आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल.

मी अनेक वर्षे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवीत होतो. दरवर्षी मुलांना बीबी का मकबरा दाखवायला नेत असे. आणि दरवर्षी कोणीतरी विचारीच, ‘सर, ही तर ताजमहालाची नक्कल. ती बघायला एवढ्या लांब कशाला आलो?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला सुरुवातीला देता येत नसे. घुमट, मनोरे, संगमरवर यांची मी तुलना करून दाखवी, आणि त्या तुलनेत मकबरा हरे. उत्तर इमारतीत नव्हते, बागेत होते. ते माझे मलाच उशिरा उमगले.

गोष्ट सुरू होते १५२६ मध्ये. पानिपतची लढाई जिंकून बाबर आग्र्याला आला. राज्य मिळाले, खजिना मिळाला, पण त्याचे मन काही रमेना. आपल्या आत्मचरित्रात, बाबरनाम्यात, त्याने या देशाविषयीच्या तक्रारी मोकळेपणाने लिहून ठेवल्या आहेत. ऊन फार, वारा फार, धूळ फार. आणि सर्वांत मोठी तक्रार म्हणजे बागांमधून खेळवलेले वाहते पाणी कुठे नाही. काबूलच्या डोंगराळ मुलखातले झरे पाहिलेल्या माणसाला आग्र्याचे सपाट मैदान भकास वाटले. मग त्याने काय केले? यमुना ओलांडून पलीकडच्या काठावर बागेसाठी जागा शोधली. ती जागाही त्याला आवडली नव्हती. तरी त्याने तिथेच काम सुरू केले, आणि सर्वांत आधी खोदवली ती विहीर. नंतर तलाव झाला, झाडे लागली, निवासाच्या इमारती उठल्या. त्याच्या सरदारांनीही त्या काठावर बागा केल्या, आणि आग्र्याचे लोक नदीच्या त्या बाजूला काबूल म्हणू लागले.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी पाणी, मग बाग, मग इमारत. आपण आज नेमके उलट करतो. आधी इमारत, मग उरलेल्या जागेत बाग, आणि शेवटी तिला पाणी कुठून द्यायचे याची चिंता.

बाबराने जी बाग आणली तिला चारबाग म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर भिंतीने बंदिस्त केलेला चौकोन, त्याला चार भागांत विभागणारे दोन आडवे-उभे रस्ते आणि त्या रस्त्यांच्या मधून वाहणारे पाण्याचे पाट. इराणी परंपरेतून आलेली ही आखणी. स्वर्गासाठी युरोपातल्या भाषांत जो ‘पॅरडाइज’ शब्द आहे, त्याचे मूळही प्राचीन इराणी भाषेत आहे आणि त्याचा अर्थ भिंतीने वेढलेली जागा एवढाच. रखरखीत मुलखातल्या माणसाला भिंतीआडची सावली आणि पाणी हाच स्वर्ग वाटला, यात नवल नाही.

बाबराच्या नंतर ही बाग कबरीला जोडली गेली. दिल्लीत हुमायूनची कबर १५७० च्या सुमारास उभी राहिली. तिथे मोठ्या चारबागेच्या बरोबर मध्यावर, उंच चौथऱ्यावर इमारत आहे. चारही बाजूंनी पाट येतात आणि चौथऱ्यापाशी थांबतात. कोणत्याही बाजूने पाहा, बाग इमारतीकडे नेते आणि इमारत बागेकडे पाहते. दोन्हींची आखणी एकाच दोरीने झालेली आहे. इमारत आधी बांधली आणि मग भोवती झाडे लावली, असे तिथे म्हणताच येत नाही.

आग्र्यात मात्र या आखणीला नदीने एक वळण दिले. शाहजहानच्या काळापर्यंत तिथे यमुनेच्या दोन्ही काठांवर बागांची रांगच तयार झाली होती. बादशहाच्या, राजपुत्रांच्या, बेगमांच्या, सरदारांच्या बागा. जयपूरच्या राजघराण्याच्या संग्रहात अठराव्या शतकातला आग्र्याचा एक नकाशा आहे, त्यात या बागा ओळीने दाखवलेल्या आहेत. एब्बा कॉख या कला-इतिहासकार विदुषीने या नकाशाच्या आधारे आणि प्रत्यक्ष काठ पालथा घालून या बागांचा अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. आग्र्याच्या बागांमध्ये मुख्य इमारत बागेच्या मध्यावर नसे, ती नदीच्या कडेला, उंच चौथऱ्यावर असे. कारण उघड आहे. नदीकाठी वारा मिळतो, पाण्याचे दृश्य मिळते, आणि बडी मंडळी येत ती होडीतून. म्हणजे इमारतीला दोन तोंडे. एक बागेकडे, एक नदीकडे.

या पार्श्वभूमीवर ताजमहालाकडे पाहू. मुमताज महल वारली ती १६३१ च्या जूनमध्ये, बुऱ्हाणपूरला. खानदेश सुभ्याचे हे मुख्य ठाणे. तापीच्या पलीकडच्या काठावर एका बागेत तिला तात्पुरते दफन केले होते. काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेण्यात आला. तिथे यमुनेच्या वळणावरची जी जागा निवडली ती आमेरच्या राजा जयसिंगाची होती. तिच्या बदल्यात शाहजहानने त्याला शहरात चार हवेल्या दिल्या. जगातली सर्वांत देखणी कबर बांधायला निघालेल्या बादशहाने आधी जागेसाठी एवढी खटपट केली, कारण त्याला नुसती जमीन नको होती. त्याला नदीचे ते वळण हवे होते.

१६३२ मध्ये काम सुरू झाले. उस्ताद अहमद लाहोरी हा त्याचा मुख्य वास्तुकार मानला जातो. दक्षिणेकडचा बाजार आणि सराया धरल्या तर सगळा परिसर सुमारे ९०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद आहे. त्यातली बाग म्हणजे सुमारे ३०० मीटर बाजूचा चौरस. बाजार, देवडीचे अंगण, बाग, चौथरा हे सगळे एकाच मापाच्या जाळ्यात बसवलेले आहे. बाजाराची जागासुद्धा उगाच नाही. तिथल्या दुकानांचे आणि सरायांचे उत्पन्न, शिवाय ३० गावांचा महसूल, हा कबरीच्या देखभालीसाठी लावून दिलेला होता. म्हणजे इमारत, तिची बाग आणि ती जगवण्याचा खर्च, या तिन्हींची योजना एकत्र झाली होती.

आता पाण्याकडे वळू. यमुना चौथऱ्याच्या पायथ्याशी वाहत असली तरी बाग नदीपेक्षा बरीच वर आहे. तेव्हा पाणी चढवायचे कसे? त्यासाठी मोटा होत्या. होय, आपल्या शेतावरची बैलांची मोट. मोटांनी पाणी टप्प्याटप्प्याने उंचावरच्या टाक्यांत चढवले जाई, तिथून दगडी पाटाने बागेपर्यंत आणि पुढे जमिनीखालच्या नळांनी कारंज्यांपर्यंत. कारंज्यांची युक्ती तर मोठी सुंदर आहे. नळ थेट कारंज्याला जोडला तर पहिले कारंजे उंच उडते आणि शेवटचे नुसते बुडबुडते. आपल्या गल्लीतल्या नळांचा हाच अनुभव आपल्याला रोज येतो. म्हणून प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचे एक भांडे बसवलेले होते. आधी सगळी भांडी भरायची आणि मग सगळी कारंजी एकदम, सारख्या उंचीने उडायची. पंप नाही, वीज नाही. फक्त उंची आणि उतार यांचे गणित.

आणि त्या बागेत होते काय? १६५९ मध्ये फ्रेंच प्रवासी बर्निये याने ती पाहिली. बागेतला मुख्य रस्ता आजूबाजूच्या जमिनीपासून चांगलाच उंच असल्याचे आणि खाली फुलांनी भरलेले वाफे असल्याचे तो लिहितो. एकोणिसाव्या शतकातले जुने फोटो पाहिले तर तिथे गर्द झाडी दिसते. इतकी, की दरवाजातून कबर पूर्ण दिसतही नाही. झाडांमधून घुमटाचा तुकडा, मनोऱ्याचे टोक, मग थोडे पुढे गेल्यावर कमान, असे ते दर्शन होई. मुघल बागांत फळझाडे असत, त्यांची सावली मिळे, फळे विकली जात. बाग नुसती पाहायची नव्हती. ती चालायची, बसायची, वास घ्यायची आणि उत्पन्न देणारी जागा होती.

या बागेबद्दलचा सर्वांत मोठा शोध मात्र नदीच्या पलीकडे लागला. ताजच्या बरोबर समोर, यमुनेच्या उत्तर काठावर, मेहताब बाग नावाची जागा आहे. मेहताब म्हणजे चंद्र, चांदणे. कित्येक वर्षे तिथे गाळ आणि शेती यांखेरीज काही दिसत नव्हते. त्या जागेला एक दंतकथाही चिकटली होती. शाहजहान तिथे स्वतःसाठी काळा ताजमहाल बांधणार होता म्हणे. बादशहाला स्वतःची कबर पलीकडे बांधायची होती, असे फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने लिहिले, तिथून या कथेला पाय फुटले. १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केले, अमेरिकी अभ्यासकांचीही त्याला जोड मिळाली. काळ्या इमारतीचा पाया काही सापडला नाही. सापडला तो मोठा अष्टकोनी हौद, कारंज्यांची जागा, पाट आणि बागेची आखणी. आणि हे सगळे ताजच्या मध्यरेषेवर बरोबर बसणारे.

याचा अर्थ काय? ताजमहाल बागेच्या टोकाला आहे, मध्यावर नाही, असे आपण म्हणत होतो. पण पलीकडची मेहताब बाग धरली तर चित्रच बदलते. अलीकडे एक बाग, पलीकडे एक बाग, मधून वाहणारी यमुना हाच जणू मोठा पाट, आणि कबर या सगळ्याच्या मध्याजवळ. चांदण्या रात्री पलीकडच्या अष्टकोनी हौदात ताजचे प्रतिबिंब पडावे, ही योजना. म्हणजे वास्तुकाराने नदीलाच आपल्या आराखड्यात घेतले होते. आणि ताजच्या मागे आपल्याला फक्त आकाश दिसते, एकही इमारत आड येत नाही, त्याचेही कारण हीच नदी आहे.

या मेहताब बागेची एक जुनी नोंद मोलाची आहे. डिसेंबर १६५२ मध्ये राजपुत्र औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर निघाला असताना आग्र्याला थांबला. त्याने ताज पाहिला आणि वडिलांना पत्र लिहिले. पत्र कौतुकाचे नाही, तपासणीचे आहे. पावसाळ्यात इमारत कुठे कुठे गळते याची त्यात यादी आहे. पुढे तो कळवतो की मेहताब बाग पुराच्या पाण्याखाली गेली होती, तिची शोभा गेली आहे, पण ती पुन्हा हिरवी होईल, अष्टकोनी हौद आणि त्याभोवतीची बांधकामे मात्र चांगली आहेत. कबरीच्या गळतीबरोबर पलीकडच्या बागेची हालत कळवणाऱ्या त्या राजपुत्राच्या मनात इमारत आणि बाग ही दोन वेगळी खाती नव्हती.

हा पत्र लिहिणारा राजपुत्र पुढे दक्षिणेत आला. मलिक अंबरने वसवलेल्या खडकी गावाला १६५३ मध्ये औरंगाबाद हे नाव त्यानेच दिले. १६५७ मध्ये त्याची बेगम दिलरस बानू बाळंतपणानंतर वारली. तिचीच कबर म्हणजे बीबी का मकबरा. तिचा मुलगा आझमशहा याने आईसाठी ती बांधली, असे आपण ऐकतो. पण मकबऱ्याच्या पितळी पत्र्याने मढवलेल्या दरवाजावरच्या लेखातले साल १६६०-६१ चे आहे, आणि त्या वेळी आझम सात-आठ वर्षांचा होता. तेव्हा बांधकामामागे बापाचाच हात असणार, असे अभ्यासक मानतात. त्याच दरवाजावर दोन नावे आहेत. वास्तुकार अताउल्ला आणि स्थापत्य पाहणारा हंसपत राय. यातला अताउल्ला कोण? ताजच्या उस्ताद अहमदचा मुलगा.

म्हणजे बापाने आग्र्यात जे केले ते मुलाने औरंगाबादला केले. मग ही नक्कल नाही तर काय, असे कोणीही विचारील. खर्चाकडे पाहिले तर तुलनाच नको. मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदलेला आहे. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला. मधला भाग आपल्या काळ्या दगडाचा, वरून चुन्याच्या गिलाव्याचा. पण आता इमारत थोडी बाजूला ठेवा आणि अताउल्लाने जागेचे काय केले ते पाहा.

इथे यमुना नव्हती. जवळून खाम नदी वाहते, पण तिचे पात्र लहान. तिच्यात प्रतिबिंब पाहावे किंवा तिच्यातून बादशहाची होडी यावी, असे काही नव्हते. मग मुलाने बापाची आखणी तशीच उचलली असती तर ती फसली असती. त्याने ती उचलली नाही. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद अशा तटबंदीत त्याने कबर बागेच्या मध्यावर ठेवली, हुमायूनच्या कबरीसारखी. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तीन भिंतींच्या मध्यावर बारादऱ्या ठेवल्या आणि दक्षिणेला मुख्य दरवाजा. नदी नाही म्हटल्यावर जुन्या पद्धतीकडे परत जाण्याचा हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला दिसतो.

आणि नदीच्या जागी त्याला मिळाला डोंगर. दक्षिणेच्या दरवाजातून आत या आणि थांबा. घुमटाच्या मागे उत्तरेला, ज्यांत औरंगाबादची लेणी कोरलेली आहेत, ते डोंगर दिसतात. पावसाळ्यात हिरवे, उन्हाळ्यात तांबूस-करडे. ताजच्या मागे रिकामे आकाश आहे, मकबऱ्याच्या मागे सह्याद्रीच्या फाट्याची कड आहे. पांढरा घुमट त्या काळसर डोंगरापुढे उठून दिसतो. शिवाय मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या बुटक्या भिंती आहेत. मधून कारंज्यांची रांग. चालणाऱ्याला बाग दिसते ती त्या जाळीतून, तुकड्या-तुकड्यांनी. आणि कबरीत गेल्यावर पुन्हा हीच गोष्ट. खरी कबर खालच्या पातळीवर आहे, आणि वरच्या मजल्यावर उभे राहून अष्टकोनी मोकळ्या जागेतून खाली डोकावून ती पाहायची. झाकायचे, थोडे दाखवायचे, मग पुढे न्यायचे, ही एकच कल्पना बागेत आणि इमारतीत सारखी वापरली आहे.

पाण्याचीही तीच कथा. आग्र्याला पाणी बैलांनी वर चढवावे लागे. औरंगाबादला ते डोंगरातून उताराने खाली येई. मलिक अंबरच्या काळापासून या शहरात नहरी होत्या. जमिनीखालून खापरी नळांनी डोंगरातले पाणी शहरभर खेळवणाऱ्या. मधे मधे नळातली हवा बाहेर जावी आणि दाब सांभाळला जावा म्हणून उंच मनोरे बांधलेले. पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याकडे पेशव्यांनी जे पाणी आणले, त्याच्या वाटेवरच्या अशा बांधकामांना आपण उच्छ्वास म्हणतो. त्यांच्याच जातीचे हे. पाणचक्की पाहायला गेलेल्या प्रत्येकाने या पाण्याचा जोर पाहिलेला आहे. ज्या शहराकडे उताराचे पाणी होते, त्या शहरातली बाग आग्र्याच्या बागेसारखी असून कशी चालेल?

मग माझ्या विद्यार्थ्यांना मी वेगळेच सांगू लागलो. मकबऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हटले. आधी भिंत पाहा, बारादरी पाहा, डोंगर पाहा, जमिनीचा उतार कुठे आहे ते पाहा, पाणी कुठून येत असेल ते ओळखा. आणि मग वळा. ‘नक्कल’ हा शब्द त्यानंतर क्वचितच ऐकू आला.

आता त्या हिरवळीकडे येऊ, जिच्यापासून आपण सुरुवात केली. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. जुन्या वास्तूंविषयी त्याला खरी आस्था होती, हे मान्य केलेच पाहिजे. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा १९०४ चा कायदा त्याच्याच काळातला. ताजची मोडतोड त्याने दुरुस्त करवून घेतली, पाट आणि कारंजी वाहती केली. पण बागेकडे त्याने इंग्रजी डोळ्यांनी पाहिले. विलायतेत मोठ्या सरदाराच्या वाड्यापुढे विस्तीर्ण हिरवळ असते आणि त्या हिरवळीपलीकडे वाडा पूर्ण, एका नजरेत दिसतो. ताजही तसाच दिसावा म्हणून गर्द झाडी विरळ करण्यात आली, हिरवळ लावण्यात आली, नजर सरळ घुमटावर जावी म्हणून सरूच्या रांगा राखल्या गेल्या. त्यातून आजचे ते चित्र तयार झाले.

चित्र सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्यात काय हरवले तेही पाहू. सावली गेली. फळे गेली. वास गेला. झाडाआडून हळूहळू उलगडत जाणारी इमारत दरवाजातच पूर्ण दिसून गेली, आणि मग बागेत थांबण्याचे कारणच उरले नाही. आज लोक दरवाजापाशी फोटो काढतात, भराभरा चालत चौथरा गाठतात आणि परत फिरतात. आणखी एक गोष्ट. हिरवळ हे थंड, पावसाळी मुलखातले गवत. आपल्याकडच्या मे महिन्यात तिला सतत पाणी पाजावे लागते. एका बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याने मला एकदा सांगितले होते, की आंब्याला चार वर्षे सांभाळले की तो आपल्याला सांभाळतो, हिरवळीला मात्र जन्मभर आपणच सांभाळायचे. भल्या मोठ्या पुस्तकांतून जे कळले नाही ते त्या वाक्याने कळले.

एकदा गेलेली बाग परत आणता येते का? काही प्रमाणात येते. दिल्लीच्या हुमायून कबरीची बागही इंग्रजी अमलात विलायती वळणाची झाली होती. १९४७ मध्ये तिथे निर्वासितांची छावणी होती. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, १९९७ मध्ये, आगा खान ट्रस्ट आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी ती बाग पूर्ववत करायचे ठरवले. २००३ मध्ये काम पूर्ण झाले. माती बाजूला करून जुने पाट शोधले, दगड पुन्हा बसवले. उतार किती, तर ४० मीटरला १ सेंटिमीटर. एवढ्या अल्प उतारावर पाणी संथ, न खळाळता वाहते. आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, मोगरा अशी झाडे लावली, आणि पावसाचे पाणी जिरवायला शंभरावर खड्डे केले. पाटातून पुन्हा पाणी वाहू लागले तेव्हा कबरीची इमारत होती तशीच होती, पण ती एकाएकी जिवंत वाटू लागली, असे पाहणाऱ्यांना वाटले. दगडाला हात न लावता इमारत बदलली होती.

आग्र्याची गोष्ट मात्र अवघड आहे, कारण तिथे बागेचा निम्मा भाग म्हणजे नदी आहे, आणि नदी काही भिंतीआड ठेवता येत नाही. २००३ मध्ये ताज आणि किल्ला यांच्या मधल्या नदीपात्रात भराव घालून दुकाने आणि करमणुकीची ठिकाणे उभारण्याचे काम सुरू झाले होते, ते आरडाओरड झाल्यावर थांबले. २०१५ च्या सुमारास ताजच्या नदीकडच्या भिंतीवर हिरवट डाग दिसू लागले. यमुनेच्या साचलेल्या, घाण पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची ती विष्ठा होती. आणि जुलै २०२३ मध्ये नदीला मोठा पूर आला, तिचे पाणी ४५ वर्षांनी ताजच्या बाहेरच्या भिंतीला लागले आणि मेहताब बागेतही शिरले. औरंगजेबाच्या पत्रातले दृश्य साडेतीनशेहून अधिक वर्षांनी पुन्हा घडले. नदी विसरली नव्हती. आराखड्यात आपली जागा कोणती, हे तिला पाठ होते. विसरलो होतो ते आपण.

ताजमहालाचे संगमरवर जपण्यासाठी आपण काय काय करतो. धूर रोखतो, मातीचे लेप लावतो, गर्दी आवरतो. हे सगळे हवेच. पण नदी आटली किंवा नासली, तर त्या इमारतीचा अर्धा आराखडा पुसला जातो, मग संगमरवर कितीही पांढरे राहो. औरंगाबादच्या मकबऱ्याचेही तसेच आहे. मागच्या डोंगरांच्या कडेला उद्या उंच इमारती उभ्या राहिल्या, तर मकबऱ्याच्या एकाही दगडाला धक्का न लागता मकबऱ्याचे रूप जाईल. आणि त्या दिवशी तो खरोखरच नुसती ताजची नक्कल उरेल.

म्हणून शेवटी एक साधी विनंती. पुढच्या वेळी आग्र्याला, दिल्लीला किंवा आपल्या संभाजीनगरला जाल तेव्हा फोटो जरूर काढा. पण त्याआधी दोन मिनिटे इमारतीकडे पाठ करून उभे राहा. पाणी कुठून येते, सावली कुठे पडते, पलीकडे काय दिसते, हे पाहा. ज्यांनी या वास्तू बांधल्या त्यांनीही सुरुवात तिथूनच केली होती. आणि कधी गावात नवी शाळा, नवे सभागृह, नवे कार्यालय बांधायचे ठरले आणि तुमचे मत विचारले गेले, तर दारे-खिडक्या किती हे नंतर विचारा. आधी विचारा, इथे पाणी कुठून येणार आहे?